आमचे काका ‘हार्टने’ गेले

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आत्महत्येची जोखीम निम्मी आनुवंशिक असते, अशी बातमी आपल्या अंकात आली. दुसऱ्याच दिवशी आमच्या वधू-वर सूचक मंडळात एका वधूपित्याने विचारलं, “ताई, मुलाकडून अशी काही टेस्ट मागता येते का?” इथे रामबागेत मी अठरा वर्षं नावनोंदणीचं काम करते. पत्रिका, गोत्र, रक्तगट, पॅकेज, आणि आता हे!

अशी टेस्ट नाही. जुळ्यांच्या अभ्यासातून ३० ते ५५ टक्के असा आकडा येतो खरा, पण तो समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकाबद्दल आहे. काकांनी जीव दिला म्हणून पुतण्याला निम्मा धोका, असा त्याचा अर्थ होत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न केलेल्या सुमारे ४४ हजार लोकांची जनुकं इतर नऊ लाखांहून जास्त लोकांशी ताडून पाहिली, तेव्हा जोखमीशी संबंध असलेल्या जनुकांमधल्या १२ जागा सापडल्या. एकेकीचा परिणाम चिमूटभर. शिवाय ती माणसं बहुतांशी युरोपीय वंशाची. आपल्याकडे पोटजात बघणाऱ्यांनी निदान खंड तरी बघावा.

बातमीत ज्या भागाला दोन ओळी मिळाल्या, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २००९ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी ३६ मृत व्यक्तींचे मेंदू तपासले. १२ जण आत्महत्या केलेले आणि लहानपणी छळ सोसलेले, १२ आत्महत्या केलेले पण छळाचा इतिहास नसलेले आणि १२ इतर कारणांनी गेलेले. ताण आवरणाऱ्या एका जनुकावर पहिल्या गटात रासायनिक खुणा जास्त होत्या. जनुकाची अक्षरं तीच, पण त्यावर जणू झाकण बसलेलं. दुसऱ्या गटात तसं दिसलं नाही. म्हणजे ती खूण आत्महत्येपेक्षा लहानपणी सोसलेल्या छळाशी जोडलेली दिसते. अभ्यास छोटा आहे, तरी घराण्याची चौकशी करणाऱ्यांनी वाचावा. मुलाला लहानपणी कोणी कसं वागवलं, हे मात्र स्थळ बघताना कोणी विचारत नाही.

आता घरचं सांगते. माझ्या माहेरी एक काका चाळीस वर्षं ‘हार्टने’ गेलेले आहेत. आम्हा पोरींची लग्नं व्हायची होती, म्हणून आजोबांनी तसं ठरवलं आणि मग तेच खरं झालं. काही वर्षांपूर्वी भाचा खचला. झोप नाही, जेवण नाही, कॉलेज सुटलं. डॉक्टरांनी विचारलं, “घरात आधी कोणाला असा त्रास? कोणी आत्महत्या केली आहे?” आम्ही सगळ्यांनी नाही म्हटलं. मीसुद्धा. महिनाभराने काकू एकट्याच बसने दवाखान्यात जाऊन खरं सांगून आल्या. ऐंशीच्या घरातली बाई! डॉक्टरांनी औषध, पुढच्या तारखा, त्याला एकटं न सोडणं, सगळ्याचा नव्याने विचार केला. भाचा आज नोकरी करतो, गोळी घेतो, गाडी चालवताना फार बोलतो.

घरातल्या अशा इतिहासाचा आज खरा उपयोग होतो तो डॉक्टरांना. पण स्थळ मोडेल या भीतीने तोच दडवला जातो. चौकशीवाल्यांनी हे नवं हत्यार उचललं तर काकूंसारख्या बायकाही गप्प बसतील. म्हणून विनंती, अशा बातमीला ‘रक्तातच’ छापाचे मथळे देऊ नका, आणि खाली १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक ठळक छापा. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो.

वधूपित्याला मी विचारलं, “तुमच्याकडे कोणी?” “छे, आमच्याकडे नाही,” ते लगेच म्हणाले. आम्हीही इतकंच लगेच म्हणायचो.

कृपया माझं नाव छापू नये. भाच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे.

एक वाचिका, इंदूर