मांजरशेपटीला बी धरत नाही

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. आमच्या विहिरीजवळच्या मांजरशेपटीचे बी पाठव असे तू लिहिले आहेस. ते पाठवता येणार नाही, कारण या झाडाला बी धरतच नाही.

अकॅलिफा हिस्पिडा हे त्याचे शास्त्रीय नाव. ते एरंडाच्या कुळातले असून पापुआ न्यू गिनीजवळचा बिस्मार्क द्वीपसमूह हे त्याचे मूळ स्थान आहे. (परड्यातली खोकली ही त्याचीच बहीण, तिच्या उपटलेल्या मुळावर मांजरे लोळण घेतात, ते तू पाहिले असशील.) या जातीत नर आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात, आणि बागांतून लावली जातात ती मादी झाडेच. परवा एक तुरा तळहातावर घेऊन भिंगाखाली पाहिला. आपण जिला पाकळ्या समजत होतो ती लाल लव म्हणजे प्रत्येक इवल्या फुलातून बाहेर आलेले, पिंजल्यासारखे तंतू-तंतू झालेले कुक्षिवृंत (मादी फुलाचे पराग झेलणारे देठ) आहेत. फुलाला पाकळी एकही नाही. वाऱ्यावरून येणारा पराग झेलण्यासाठी ते असे पसरलेले असतात, पण आपल्या अंगणात तो पराग येणार कोठून?

म्हणून हे झाड आजवर फांदीनेच फिरले आहे. आईने माहेराहून येताना ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली काडी तुला आठवत असेल. तिचे माहेरचे झाड केव्हाच गेले, तरी मला ते गेले असे वाटत नाही, कारण विहिरीजवळ उभे आहे ते त्याचे अपत्य नव्हे, तेच झाड आहे. तुझ्या दारी रुजेल तेही तेच असेल, आणि म्हणून ते तुझ्याकडे असावे अशी माझी फार इच्छा आहे.

रविवारी तीन काड्या पाठवतो. जून झालेल्या, पण अजून न ताठरलेल्या फांदीच्या वीतभर काड्या डोळ्याच्या अगदी खाली कापल्या आहेत. खालची पाने काढ, वरची अर्धी कर, दोन डोळे मातीत जातील अशा खोच आणि कुंडी सावलीत ठेव. माती ओलसर असावी, चिखल होऊ देऊ नकोस. पाने धरू लागली की सकाळचे ऊन दे. अंधाऱ्या कोपऱ्यात तुरे येत नाहीत. उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) पडतो, तेव्हा पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मार. कापताना निघणाऱ्या रसाने त्वचेची आग होऊ शकते आणि झाड पोटात जाणे बरे नव्हे, म्हणून कुंडी नातवाच्या हाताला लागणार नाही अशी ठेव.

पहिला तुरा दिसला की त्याच दिवशी कळव.

तुझा स्नेहांकित