फोटो पोचला

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

फोटो पोचला. मोबाइलवर लिहायला बोटं अडतात म्हणून कागदावर लिहितोय, बाळ्या याचा फोटो काढून तुला धाडेल. आईला शब्द दिलाय की या पत्रात मास्कचा विषय काढणार नाही. बघू.

साचा नुकताच फोडलेला, इंजिनचा ब्लॉक अजून अर्धा वाळूत आणि तू हातोडी घेऊन हसतेयस. भुवयांवरसुद्धा वाळू. शिरोलीत चहाच्या गाड्यावर चौघांना दाखवला, म्हटलं पोरीचं पहिलं कास्टिंग. आपल्या जुन्या मोल्डरमामांनी चष्मा वर करून विचारलं, "आकसताना धातू पुरवायला रायझर कुठं दिलाय हिनं?" मी म्हटलं, तिलाच विचारा, आता मला ती विचारत नाही. सगळे हसले. तुझं नाक-तोंड उघडं आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

परवा फोनवर तुझ्या थ्रीडी प्रिंटरच्या साच्यांवर "छापलेल्या वाळूत कसली कारागिरी" असं बोललो आणि तू फोन ठेवलास. ठेवलास ते बरं केलंस. खरं सांगू? मला हेवा वाटला. पस्तीस वर्षं साच्यांसाठी सागवानाचे पॅटर्न तासले. वॉटर जॅकेटचा, म्हणजे पाणी खेळायच्या पोकळीचा, वाळूचा कोअर तीन-चार तुकड्यांत करायचा, भट्टीत भाजायचा, जोडायचा आणि धातू ओतताना देवाचं नाव घ्यायचं. कोअर दोन मिलिमीटर सरकला की एका बाजूची भिंत जाड, दुसरीकडची कागदासारखी. ते कळायचं कधी, तर बोअर करून पाण्याचा दाब दिल्यावर. आणि तू तोच कोअर अखंड छापतेस, ड्राफ्ट द्यायची गरज नाही, पॅटर्न बाहेर ओढायचाच नाही तर उतार कशाला! हे कळल्यावर रात्री झोप नाही आली मला.

तू सांगितलेली ती १९१४ ची शर्यतीची गाडी, डेलाज, तर डोक्यातून जाईना. तिचा तडकलेला ब्लॉक तुमच्याच मेलबर्नमध्ये स्कॅन करून, वाळूचा साचा छापून नव्यानं ओतला म्हणालीस ती. बाळ्याकडून सगळं वाचून घेतलं. साडेचार लिटरचं इंजिन, झडपांना मिटवायलाही कॅमच, स्प्रिंगवर भरवसा नाही. कारण त्या काळच्या स्प्रिंगा वेग वाढला की तुटायच्या. चारही चाकांना ब्रेक. एवढं करून ४ जुलै १९१४ ला लिऑनच्या शर्यतीत पहिल्या तिन्ही मर्सिडीज आणि डेलाजमधली पहिली आठवी. महिन्याभरात महायुद्ध. मला त्या ड्रायव्हरपेक्षा तो ब्लॉक ओतणारा माणूस दिसत राहिला. कुठल्या तरी फाउंड्रीत वाळू कुटत बसलेला. त्याच्या पोरीनं त्याला काही सांगितलं असेल का, कोण जाणे.

तुम्ही दुरुस्त करताय त्या जुन्या गाडीचं मात्र एक विचारतो. जुना ब्लॉक स्कॅन केलास तो गंजलेला, ठिगळं लावलेला. स्कॅनर ती ठिगळंही इमानदारीनं मोजतो. मूळ मिस्त्रीनं काय केलं होतं ते तुलाच ठरवायचंय. आणि आकुंचन? त्या ब्लॉकवरून जसाच्या तसा साचा छापलास तर बीड गार होताना शंभराला एक आकसणार, सहाशे मिलिमीटरला सहा गेले. क्रँक जुनाच ठेवणार आहात ना? मग बोअरची केंद्रं कशी जुळणार? तू हे केलं असशीलच. विचारल्याशिवाय राहवत नाही.

सातवीत तू आबांची कॉन्ट्रॅक्शनची, आकुंचनाएवढी लांब आखलेली पट्टी दप्तरातून शाळेत नेलीस, आठवतं? भूमितीच्या पेपरात दहा सेंटिमीटरची प्रत्येक रेघ एक मिलिमीटर जास्त. बाईंनी लाल गोल काढून चार गुण कापले. तू घरी येऊन रडलीस आणि आबा इतके हसले की खोकल्याची उबळ आली, तुझ्या आईनं पाठ चोळली. त्या वेळी आपल्याला वाटायचं, विडीचा खोकला. दोन वर्षं टीबीची औषधं चालली. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून विचारलं, "फाउंड्रीत होता का?" बास, एवढंच विचारलं.

बघ, आलोच तिथं.

वाळूचा जो कण दिसतो तो खोकून बाहेर पडतो. न दिसणारा आत बसतो आणि दहा-पंधरा वर्षांनी हिशेब मागतो. साचा फोडताना आणि फेटलिंग करताना, म्हणजे कास्टिंग घासून साफ करताना, तोच उडतो. तुझ्या त्या देशानं १ जुलै २०२४ पासून स्वयंपाकाच्या ओट्याचा कृत्रिम दगडसुद्धा बंद केला, कापणाऱ्या पोरांची फुफ्फुसं गेली म्हणून. तू म्हणशील, बाबा, इथं धूळ ओढणारी यंत्रं आहेत, दर महिन्याला तपासणी असते. असेल. फोटोत यंत्र दिसत नाही, तू दिसतेस.

आईला दिलेला शब्द मोडला. चुकलं. तू अठ्ठावीस वर्षांची आहेस आणि मी स्वतः कधी तोंडाला रुमाल बांधला नाही, गरम व्हायचं म्हणून. मला बोलायचा अधिकार नाही हे माहीत आहे. पण अधिकार नाही म्हणून भीती थोडीच जाते? माझं काय विचारू नकोस, सकाळचा थोडा असतो, हवेमुळे.

शेजारच्या वहिनींचा मुलगा दिवाळीनंतर मेलबर्नला येतोय. त्याच्याबरोबर मेतकूट, काळा मसाला आणि आबांची ती पट्टी देतोय. एका कडेला आकडे पुसलेत, पण खोटं सांगत नाही. तुझ्या कॉम्प्युटरला ती लागणार नाही. टेबलावर ठेव.

पाण्याच्या दाबाची चाचणी कधी आहे? गळलाच तर मला कुठून गळतोय ते नीट सांग, वरून की झडपांच्या बाजूनं, आणि रडू नकोस. माझे पहिले दोन गळले होते, आबांनी कुणाला सांगितलं नव्हतं. टिकला तर लगेच फोटो पाठव. मोल्डरमामा रोज विचारतात. या वेळी तुझा चेहरा फोटोत दिसला नाही तरी चालेल.

तुझा,
बाबा