परमिट माझ्या सहीचं होतं

सोलापूर,
१८ सप्टेंबर

प्रिय मेगर,

का बे, रागावलास? गेल्या आठवड्यात फोनवर तू म्हणालास, "रिटायर झालास, तरी अजून खुर्च्याच मांडतोस का?" आणि मी न बोलता फोन ठेवला. राग नव्हता. १५ तारखेच्या अभियंता दिनाचा कार्यक्रम तोंडावर आलेला, माइक खरखरत होता आणि पकड सापडत नव्हती. पण तुझा प्रश्न डोक्यातून जाईना. फोनवर सांगायला गेलो तर तू मधेच तोंड घालतोस, म्हणून कागद घेतला.

अभियंत्यांच्या संस्थेत खुर्च्या मांडतो हे खरंय. सुरुवात मात्र शुद्ध स्वार्थानं झाली. १९७९ साली पॉलिटेक्निकमधून बाहेर पडल्यावर तू मोटरी रिवाइंड करायला पुण्याला गेलास आणि मी इथंच खांबांच्या मागं लागलो. डिप्लोमावाल्याला वर सरकायचं तर एएमआयई, नोकरी करत द्यायची पदवीच्या तोडीची परीक्षा, हीच वाट. दिवसा लाईन, रात्री गणित. आई म्हणायची, "लग्न झालं, पोर झालं, ह्याची परीक्षा काही संपंना." ती परीक्षा घेणारी ही अभियंत्यांची संस्था १९२० सालची, तिला १९३५ साली ब्रिटिश राजाची सनद मिळालेली, असलं सगळं माहितीपत्रकात छापलेलं असायचं. मला त्याचं काय? मला नावापुढं अक्षरं हवी होती. (आता पोरांना तीही वाट राहिली नाही. ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांचीच एएमआयई सरकार पदवीच्या बरोबरीची धरतं.)

परीक्षा सुटली, पण संस्थेच्या महिन्याच्या व्याख्यानांना जायची सवय राहिली. खरं सांगायचं तर नंतरच्या भज्यांसाठी. एका म्हाताऱ्या वक्त्यानं अमेरिकेतली गोष्ट सांगितली होती : तिथं तारवाल्यांची संस्था १८८४ची, रेडिओवाल्यांची १९१२ची, आणि दोन्ही १९६३ साली एक होऊन आयईईई झाली. तेवढीच लक्षात आहे, बाकी झोप.

आता जे सांगतोय ते तुलासुद्धा सांगितलेलं नाही.

पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत, पावसाळ्यात एलटी लाईनच्या (घरा-कारखान्यांना वीज देणाऱ्या कमी दाबाच्या तारांच्या) शेवटच्या तीन खांबांवर बिघाड होता. त्या टोकाला एकाच कारखान्याचं कनेक्शन. आम्ही जंपर, म्हणजे मागच्या लाईनशी जोडणारे तुकडे, काढले, टेस्टरनं बघितलं, लाईन मेलेली. लाईनवर काम करायचं परमिट माझ्या सहीचं. तारा साखळीनं शॉर्ट करून अर्थ केल्याशिवाय, म्हणजे एकमेकींना आणि जमिनीला जोडल्याशिवाय, वर चढायचं नाही, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. साखळी जीपमध्ये, जीप गल्लीच्या तोंडाशी, मधे गुडघाभर पाणी. मी म्हणालो, "दहा मिनिटांचं काम आहे, चढ."

थोड्या वेळानं माग सुरू झाल्याचा आवाज आला. खटक-खटक, खटक-खटक. मेगर, लहानपणापासून कानात भिनलेला आवाज बे, त्यामुळं त्यात काही वावगं वाटलंच नाही. लाईन आम्ही तोडलेली आहे आणि माग चालतायत, हे कानाला ऐकू आलं, डोक्याला कळलं नाही. कारखानदारानं जनरेटर लावला होता, चेंजओव्हर स्विच (लाईन आणि जनरेटर एकदम जोडू न देणारा) न बसवता, वायरी सरळ मेनला जोडून. वीज सर्व्हिस वायरमधून उलटी तारेवर आली. लाईनमन पट्ट्याला लोंबकळत राहिला. तळहात भाजला, खांदा निखळला, पण जगला.

चौकशीत दोष जनरेटरवाल्याचा ठरला. तो होताच. साखळीचं कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दोन वर्षांनी संस्थेत जनरेटरच्या सुरक्षेवर बोलायला मीच उभा. फळ्यावर आकृती काढली, उलटी वीज कशी येते ते बाण काढून दाखवलं, कारखानदाराला नावं ठेवली. मागच्या रांगेतून साखर कारखान्यातले एक वयस्कर इंजिनिअर उठले. "शॉर्टिंग केलं होतं का हो?"

खडू हातात तसाच. मी "नाही" म्हणालो.

ते रागावले नाहीत. स्वतःच पुढं आले, बाही वर केली आणि जळलेलं मनगट दाखवलं. सप्लाय बंद केला म्हणून कपॅसिटर बँकेला, बंद केल्यावरही वीज धरून ठेवणाऱ्या डब्यांना, हात घातला होता, डिस्चार्ज न करता. मग तिसरा बोलला, चौथा बोलला. भजी गार झाली. साडेसातला संपणारी सभा अकराला सुटली. हेच मी ऑफिसात बोललो असतो तर हातात मेमो पडला असता.

दुसऱ्या दिवशी मी कमिटीत नाव दिलं. तेव्हापासून वर्षातून एक बैठक नुसती चुकांची ठेवतो. तिचं इतिवृत्त लिहायचं नाही, एवढाच नियम. मे महिन्यात मशीनला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार एकानं तिथंच मांडली. काळी माती भेगाळलेली, अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक, मीठ-कोळशाला ओल नाही. त्याचं रीडिंग मात्र उत्तम, कारण घेतलेलं ऑगस्टमध्ये! ऑगस्टमध्ये सगळ्यांचंच अर्थिंग चांगलं असतं. त्या वर्षापासून मी माझ्याकडची रीडिंगं मे महिन्यात घ्यायला लावली. शिव्या खाल्ल्या.

आणि एक बैठक तू चुकवलीस. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बाकीच्या देशाबरोबर एका फ्रिक्वेन्सीवर, एकाच ठोक्यावर, आली. आपल्या सोलापुरातून बे! जानेवारीत गड्ड्याच्या, सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीतून वाट काढत लोक आले, उभं राहायला जागा नव्हती. सगळे पेढे वाटण्याच्या मूडमध्ये, आणि एका शिकाऊ पोरीनं विचारलं, "३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व, ईशान्य ग्रिड बंद पडली. दक्षिण वाचली ती फक्त डीसीनं, एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेनं, जोडलेली होती म्हणून. आता ती पण पडेल का?" मोठमोठे लोक एकमेकांकडं बघायला लागले. तासभर वाद झाला. मला पेढ्यांपेक्षा तो प्रश्न आवडला.

परवा कपाटाच्या किल्ल्या मी तिच्याच हातात दिल्या. चिटणीस आता ती. मला म्हणाली, "सर, चुकांच्या बैठकीला या वेळी बाहेरगावचा कुणीतरी हवा."

मी तुझं नाव सांगितलंय. लॅबमधल्या मेगरचं, इन्सुलेशन तपासायच्या यंत्राचं, हँडल फिरवून सगळ्या वर्गाला झटके देणारा तू, आणि ती जळालेली मोटर सप्लायच्या नावावर खपवलीस, ते मला चांगलं आठवतंय. गड्ड्याच्या आठवड्यात बैठक आहे. वहिनींनाही आण. त्यांच्यासाठी शेंगाचटणी पाठवतोय, डबा परत आणायला विसरू नको, गेल्या वेळचाही तुझ्याकडंच आहे.

तुझा,
शेजारच्या बाकावरचा