स्वयंसेवेच्या आकड्यात कोण मोजले जाते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केल्यापासून सभासमारंभांत आणि लेखांत एक विधान वारंवार माझ्या कानावर येते. भारतात जेमतेम २.४ टक्के लोक स्वयंसेवा करतात, असे ते विधान आहे. त्याला जोडूनच समाजातला सेवाभाव आटल्याचा निष्कर्षही सांगितला जातो. मी महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहते आणि विद्यार्थ्यांच्या सेवेचे तास नोंदवणे हा त्या कामाचाच भाग असल्यामुळे या आकड्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

हा आकडा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणातला आहे. जानेवारी ते डिसेंबर असे वर्षभर हे सर्वेक्षण चालले. त्यात सहा वर्षांवरील व्यक्तींनी आदल्या दिवशी पहाटे चार वाजल्यापासून पुढच्या चोवीस तासांत काय काय केले, याची नोंद अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांत घेण्यात आली. म्हणजे २.४ टक्के हे त्या एका दिवसापुरते प्रमाण आहे, आणि ज्यांनी त्या दिवशी असे काम केले, त्यांचा त्यावर सरासरी १०१ मिनिटे वेळ गेला. शिवाय हा गट केवळ स्वयंसेवेचा नाही. प्रशिक्षणार्थी म्हणून केलेले बिनपगारी काम आणि इतर प्रकारचे बिनपगारी कामही त्यातच मोडते. एखाद्या कार्यालयात अनुभवासाठी फुकट राबणारी पदवीधर मुलगी आणि रक्तदान शिबिरात दिवसभर उभा राहणारा कार्यकर्ता या आकड्यात एकत्र बसलेले आहेत.

सर्वेक्षणाच्या त्याच वर्षी, ऑगस्ट महिन्यात, कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला. सांगली-कोल्हापूरच्या पुरात कित्येक तरुणांनी होड्यांतून माणसे बाहेर काढली, जनावरे उंचावर नेऊन बांधली, निवारा केंद्रांत जेवण वाढले आणि पाणी ओसरल्यावर अनोळखी घरांतला चिखल उपसला. समजा, त्यांच्यापैकी एकाच्या घरी सर्वेक्षक नोव्हेंबरात पोहोचला आणि त्याने ‘काल काय केलेत’ असे विचारले. त्या तरुणाच्या नावापुढे स्वयंसेवेची एकही नोंद होणार नाही. यात सर्वेक्षणाची चूक नाही. नोंदी वर्षभरात विखुरलेल्या असल्यामुळे देशाचा सरासरी वेळ त्यातून बऱ्यापैकी नीट निघतो. मात्र वर्षभरात किती माणसे दुसऱ्यासाठी राबतात, या प्रश्नाचे उत्तर एका दिवसाच्या नोंदीतून मिळणे शक्य नाही, आणि आपण नेमके तेच उत्तर त्यातून काढतो आहोत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुचवलेली मोजणी गेल्या चार आठवड्यांची किंवा महिन्याची असते. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवाविषयक २०२२ च्या अहवालातला ८६ कोटी २० लाखांचा, म्हणजे पंधरा वर्षांवरील लोकसंख्येच्या सुमारे १५ टक्क्यांचा जागतिक अंदाजही दरमहा स्वयंसेवा करणाऱ्यांचा आहे. तो १५ चा आकडा आणि आपला २.४ चा आकडा शेजारी शेजारी मांडून आपल्या समाजाला दूषण देणे सर्वस्वी चुकीचे आहे.

याहून मोठा प्रश्न आहे तो कोणते काम स्वयंसेवा म्हणून धरले जाते, हा. आमच्या योजनेत विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर पूर्ण करावे लागते. शिबिरात मुले-मुली सकाळी ओढ्यावर जातात, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरतात, हातोहात पुढे सरकवून त्यांचा वनराई बंधारा घालतात आणि संध्याकाळी प्रत्येकाचे तास वहीत लिहिले जातात. हे काम खरे आहे आणि त्या मुलांचा मला अभिमान आहे. पण त्याच वेळी गावातल्या घराघरांतून पाळीपाळीने शिबिरासाठी भाकरी येत असतात. फडक्यात बांधलेली दुरडी घेऊन आलेल्या एका मावशींना मी विचारले, की आज सकाळपासून काय काय काम झाले? त्या म्हणाल्या, “काय न्हाय वो बाई, भाकरी तेवढ्या थापल्या.” घरच्या माणसांच्या भाकरी आटोपल्यावर परक्या मुलांसाठी त्या पुन्हा परात घेऊन चुलीपुढे बसल्या होत्या. आमच्या वहीत त्यांच्यासाठी रकाना नाही. सर्वेक्षक त्यांच्या दारी गेला असता, तर ‘स्वयंपाक’ एवढेच उत्तर त्याला मिळाले असते आणि तो वेळ बहुधा घरकामाच्या खात्यात जमा झाला असता. सर्वेक्षणाच्या वर्गवारीत स्वतःच्या घरासाठी आणि दुसऱ्यांच्या घरासाठी केलेले काम वेगळे मांडलेले आहे, हे खरे. परंतु ते काम कोणासाठी केले, असा प्रश्न मुद्दाम विचारल्याखेरीज तो भेद हाती लागत नाही, कारण सांगणारी बाई आपणहून तो करत नाही.

सुतक असलेल्या घरी शेजारणी पिठलं-भात पोहोचवतात, शेजारच्या बाळंतिणीच्या थोरल्या मुलाला दिवसभर आपल्याकडे ठेवून घेतात, दवाखान्यात कोणाच्या तरी उशाशी रात्र काढतात. संस्था, फलक किंवा प्रमाणपत्र यांपैकी काहीही नसलेले हे काम संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या एकूण स्वयंसेवेच्या सुमारे ७० टक्के भरते. आपल्याकडे स्वतःच्या घरचे काम करणाऱ्या स्त्रियांचा त्या घरकामावर २०१९ मध्ये रोज सरासरी २९९ मिनिटे आणि २०२४ च्या सर्वेक्षणात २८९ मिनिटे वेळ गेलेला दिसतो, तर पुरुषांची मिनिटे अनुक्रमे ९७ आणि ८८ आहेत. स्वतःच्या घरासाठी केलेले काम स्वयंसेवेत धरू नये, हा नियम मला मान्य आहे. पण इतक्या मिनिटांत परक्यांसाठीची काही मिनिटे सहज बुडून जातात, आणि ती बुडालेली मिनिटे बव्हंशी बायकांची असतात, असे माझे ठाम मत आहे.

वारीच्या वाटेवर होणारे अन्नदान धार्मिक आचरणात लिहायचे की सेवेत, सावडीने, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबून, केलेली पेरणी परतफेडीची म्हणून बाजूला ठेवायची का, हे प्रश्नही आहेतच, पण त्यांवर अभ्यासक वाद घालून तोडगा काढू शकतील. ज्यात अन्याय आहे अशी गोष्ट वेगळीच आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात नेमल्या गेलेल्या आशा ताईंना शासन आजही स्वयंसेविका मानते. गरोदर मातांच्या नोंदी, लसीकरण, बाळंतपणासाठी रुग्णालयात सोबत, कोरोनाच्या काळात घरोघरी फिरून केलेली तपासणी, आढावा बैठका आणि भरून द्यायचे तक्ते हे सगळे त्यांच्याकडे ठरवून दिलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्यांचा गौरव केला, पण किमान वेतन मिळण्याइतके ‘कामगार’पण त्यांच्या वाट्याला आलेले नाही. श्रमसांख्यिकी तज्ज्ञांच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय ठरावात सक्ती नसलेले, विनामोबदला आणि इतरांसाठी केलेले काम अशी स्वयंसेवेची व्याख्या आहे, आणि स्थानिक मजुरीच्या एक तृतीयांशाहून कमी असलेली रोख मदत त्या व्याख्येला बाधा आणत नाही. खर्चाची भरपाई म्हणून ही सवलत योग्यच आहे. पण ठरलेले काम पुरेपूर करून घ्यायचे, मानधन तुटपुंजे ठेवायचे आणि मग तिला स्वयंसेविका म्हणायचे, यासाठी त्या सवलतीचा आधार कोणी घेऊ नये. आपले काम नाकारण्याची मुभा ज्या बाईला नाही, ती स्वयंसेवक नसून कर्मचारी आहे.

याच न्यायाने आम्हा महाविद्यालयांनाही स्वतःकडे पाहावे लागेल. सेवा योजना आता पदवीसाठी लागणाऱ्या श्रेयांकांशी (क्रेडिट) जोडली जात आहे. अभ्यासक्रमाची अट म्हणून करावे लागलेले काम वरील ठराव स्वयंसेवेत धरत नाही. ती मुले चांगले काम करतात आणि त्यातली कित्येक पुढे मनापासून त्यात रमतात, पण त्यांचे सक्तीचे तास स्वयंसेवेच्या एकूण आकड्यात मिळवून आपण पाठ थोपटून घेणे योग्य होणार नाही.

वेळ वापर सर्वेक्षणाच्या पुढच्या फेरीत आदल्या दिवसाच्या नोंदीबरोबर ‘गेल्या महिनाभरात घराबाहेरच्या कोणासाठी बिनपैशाचे काम केले का’ हा प्रश्न जोडावा, स्वयंपाक, देखभाल आणि शेतीकाम यांच्या प्रत्येक नोंदीपुढे ते कोणासाठी होते हे विचारणे सर्वेक्षकाला बंधनकारक करावे आणि प्रशिक्षणार्थींचे बिनपगारी काम स्वयंसेवेपासून वेगळे काढून प्रसिद्ध करावे, अशी माझी सांख्यिकी मंत्रालयाला विनंती आहे. वृत्तपत्रांनीही २.४ टक्क्यांचा आकडा छापताना तो एका दिवसाचा आहे, एवढे त्याच ओळीत नमूद करावे. आमच्या महाविद्यालयापुरते सांगायचे, तर येत्या शिबिरापासून भाकरी देणाऱ्या घरांची आणि त्यासाठी लागलेल्या वेळेची वेगळी नोंदवही ठेवावी, असा प्रस्ताव मी सल्लागार समितीपुढे मांडला आहे.

कळावे,
आपली,
एक प्राध्यापिका, सांगली जिल्हा