शून्याचा रकाना

प्रिय नंद्या,

शिव्या नंतर घाल, आधी ऐक. तब्येत बरी आहे, शुगर होती तिथेच आहे.

मला संस्थात्मक विकास आराखड्याच्या समितीत घेतलंय. हसू नकोस. 2019 च्या बृहत् आराखड्याला तू 'विद्यापीठाची कुंडली' म्हणाला होतास आणि त्यावरून आपण कॅन्टीनमध्ये भांडलो होतो, तेही माझ्याच पैशाचा चहा पिऊन! तो कायद्यानेच दर पाच वर्षांनी करावा लागतो. हा नवा त्याहून दांडगा. 2020 च्या शैक्षणिक धोरणात म्हटलंय, प्रत्येक संस्थेने असा आराखडा करायचा आणि पुढचा सरकारी पैसा त्याच्या आधारावर मिळू शकेल. झालं, सगळे कामाला लागले. सल्लागार आलाय, सुटाबुटात. त्याच्या पहिल्याच स्लाइडवर 'आपल्या' ग्रंथालयाला घुमट! आपल्या ग्रंथालयाला गळतीखेरीज काय आहे ते तुला ठाऊक आहेच.

माझ्या वाट्याला मनुष्यबळ आलं. एक्सेलचा तक्ता: मंजूर पदं, भरलेली पदं, मग पाच, दहा, पंधरा वर्षांनंतरची. जिऑलॉजीच्या ओळीत 'भरलेली'खाली एक, म्हणजे मी. पुढच्या जूनला मी निवृत्त. म्हणून पाच वर्षांनंतरच्या रकान्यात शून्य लिहिलं. लगेच वरून निरोप, 'सर, असं नकारात्मक जात नाही, अपेक्षित पदं टाका.' अपेक्षा काय, ती तू इथे होतास तेव्हापासून आहे.

आणि बंड्या कुठेच बसत नाही. तासिका तत्त्वावरचा माणूस भरलेल्या पदांत धरत नाहीत. दरवर्षी मुलाखत, दरवर्षी नवी ऑर्डर, उन्हाळ्यात पगार बंद. परवा बेसाल्टचा तुकडा काचेला चिकटवून कार्बोरंडमच्या पुडीवर हातानेच घासत बसला होता, कारण मशीन बंद. जाडी 0.03 मिलिमीटरवर आणायची. मधूनमधून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, त्यातल्या फेल्डस्पार खनिजाचा पिवळा रंग जाऊन करडा आला की थांबायचं. चार पोरं श्वास रोखून भोवती. आराखड्यात 'उत्कृष्टता केंद्रा'साठी नवे सूक्ष्मदर्शक आहेत. त्यांच्याखाली ठेवायची काच कोण घासणार, त्याला रकाना नाही! पीएम-उषा या केंद्राच्या अनुदान योजनेच्या 100 कोटींवर सगळ्यांचा डोळा, पण तो पैसा मुख्यतः इमारत, नूतनीकरण, उपकरणं यांचा. कायमचा मास्तर नेमायला शासनाचीच परवानगी हवी. आणि 2035 पर्यंत उच्च शिक्षणात येणाऱ्या तरुणांचं प्रमाण 50 टक्क्यांवर न्यायचंय म्हणे. शिकवायला कोण, सल्लागार?

धोरणात असंही आहे की आराखडा शिक्षक, विद्यार्थी, कर्मचारी सगळ्यांनी मिळून करायचा. म्हणून बंड्याला बैठकीला नेलं. 'तुम्ही कोणाचे प्रतिनिधी?' असं विचारलं, तर पठ्ठ्या म्हणतो, 'सोमवार आणि गुरुवारचा.'

तू गेलास तेव्हा तुला पळपुटा म्हणालो होतो. आजही म्हणतो. तू असतास तर त्या रकान्यात निदान एक तरी आला असता.

सोमवारी शेवटची बैठक. शून्य राहू दे, असं हिचं मत. बंड्या मात्र म्हणतो, 'सर, सहा टाका, कदाचित जाहिरात निघेल.' तिथेच अडलोय. सहा लिहिले तर सगळं आलबेल दिसणार, शून्य लिहिलं तर विभागच बंद करायला आयतं निमित्त. आणि ज्याचं पोट त्यावर आहे तोच सहा म्हणतोय.

चिनूचं लग्न ठरलं म्हणे, तारीख कळव. गुडघ्याचं ऑपरेशन लांबवू नकोस. वहिनींना नमस्कार. सोमवारच्या आत फोन कर, पण 'मी सांगितलं होतं'ने सुरुवात करू नकोस.

तुझा,
दिन्या