प्रमाणपत्राचा खर्च कंपनीने उचलावा

सॉफ्टवेअरमधील प्रमाणपत्रांची महती सांगणारा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. त्यात व्यवसायाची बाजू सुटली आहे. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट यांच्या संगणक-सेवा ग्राहकांना पुरवणाऱ्या भागीदार कंपन्यांना त्यांच्याकडून वरची श्रेणी हवी असेल, तर ठरावीक संख्येने प्रमाणपत्रधारक कर्मचारी दाखवावे लागतात. म्हणजे फायदा कंपनीचाही. तरीही ॲमेझॉनच्या ‘असोसिएट’ पातळीच्या प्रमाणपत्र परीक्षेचे १५० डॉलर नागपूरच्या मिहान या औद्योगिक व आयटी क्षेत्रात नोकरी शोधणारी मुले घरून मागून भरतात, आणि ३ वर्षांत प्रमाणपत्राची मुदत संपते! अभ्यासाने पाया पक्का होतो, हे मान्यच. पण केवळ प्रश्नसंच पाठ करून उत्तीर्ण झालेला उमेदवार, सर्व्हर बंद पडल्यावर लॉग (सर्व्हरच्या कामकाजाची नोंद) कुठे पाहायचा, इथेच अडतो. मुलाखतीत असेच एखादे काम करून घ्यावे. परीक्षा रुजू झाल्यावर, कंपनीच्या खर्चाने होऊ द्यावी.

– एक आयटी कर्मचारी, प्रतापनगर, नागपूर