तुझ्या रबरी पॅनकेकबद्दल, जरा सविस्तर

प्रिय मित्रा,

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं, तुला मधेच कामाचा कॉल आला, पण तू जे सांगितलंस ते तेव्हापासून माझ्या डोक्यात फिरतंय म्हणून आज बसून लिहितोच. आजारपणात गेलेलं वजन अजून परत आलं नाही, जिना चढताना मांड्या थरथरतात, डॉक्टर म्हणतात प्रोटीन वाढवा, आणि सकाळी ते पावडरचं गोड पाणी घशाखाली उतरत नाही. मग तू पॅनकेक करून बघितलेस, पिठात दोन स्कूप पावडर टाकलीस, आणि जे तयार झालं ते तुझ्या लेकीने एकदा चावलं आणि गुपचूप ताटात परत ठेवलं. मला वाईट वाटलं रे ऐकून, कारण सुरुवातीचे दोन महिने मी पण अगदी तसलेच पॅनकेक खाल्लेत. तुझा हात चुकला नाही. नेहमीच्या पॅनकेकमध्ये पावडर ढकलली की झाला प्रोटीन पॅनकेक असं सगळेच धरून चालतात, तिथेच सगळी गडबड होते.

आधी ते रबर का होतं ते सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप सुटतं. मैद्यात ग्लुटेन म्हणजे गव्हाचं चिवट प्रोटीन असतं, ते जाळीसारखं पसरतं आणि बेकिंग पावडरचे बुडबुडे धरून ठेवतं, म्हणून साधा पॅनकेक फुगतो आणि मऊ राहतो. तुझी पावडर व्हे प्रोटीनची, म्हणजे चीज करताना उरणाऱ्या दुधाच्या पाण्यातल्या प्रोटीनची, त्यात ग्लुटेन नाही. त्याला उष्णता लागली की त्याच्या घड्या उलगडतात, मग ते एकमेकांना घट्ट चिकटतात आणि आतलं पाणी बाहेर ढकलतात. जास्त शिजलेलं अंडं कसं कोरडं होऊन पाणी सोडतं, तोच प्रकार. आता तू ६० ग्रॅम मैद्यात ६० ग्रॅम व्हे घातलंस म्हणजे अर्धं पीठ पाणी सोडणारं झालं, मग वरून कितीही दूध ओत, बाहेरून कातडं आणि आतून भुसा हेच होणार. मी बरेच प्रयोग करून या मतावर आलोय की पावडर कोरड्या मालाच्या पाव हिश्श्याच्या फार वर जाऊच द्यायची नाही, आणि खरं सांगायचं तर नाही घातली तरी चालतं, मी आठवड्यातले चार दिवस घालतच नाही.

मग प्रोटीन येणार कुठून? अंडी आणि कॉटेज चीज, म्हणजे ते मऊ दाणेदार ताजं चीज, यांच्यामधून. हे दोन्ही पदार्थ प्रोटीन देतात आणि पॅनकेकला मऊ पण ठेवतात, पावडरला नेमकं हेच जमत नाही. माझी एका माणसाची रेसिपी लिहितो, तू हिच्यापासून सुरुवात कर आणि पहिल्या दोन वेळा काहीही बदलू नकोस प्लीज.

ओट्स ४० ग्रॅम, साधारण अर्धा कप. लो फॅट कॉटेज चीज १०० ग्रॅम. अंडी २, पिवळ्यासकट. बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, थोडी दालचिनी पूड, व्हॅनिलाचे दोन थेंब. मीठ घालायचं नाही, कॉटेज चीजमध्ये आधीच भरपूर असतं, मी एकदा सवयीने चिमूटभर घातलं आणि सगळा घाणा खारट झाला. आता हिशोब बघ, ओट्सचे ५ ग्रॅम, चीजचे ११ च्या आसपास, दोन अंड्यांचे १२, म्हणजे २८ ग्रॅम प्रोटीन आणि साधारण ३७५ कॅलरी, तव्याला पुसायचं तेल वेगळं. साधा पॅनकेक घेतलास, ६० ग्रॅम मैदा, अर्धं अंडं, थोडं दूध, तर ११-१२ ग्रॅमच्या पुढे जात नाही, आणि त्यावर सिरप. म्हणजे पावडरचा डबा न उघडता दुपटीपेक्षा जास्त झालं की नाही!

पिवळं काढून टाकू नकोस हे मुद्दाम सांगतोय कारण तू फोनवर म्हणालास की फक्त पांढरं वापरणार. एका अंड्यातलं साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन पांढऱ्यात असतं हे बरोबर आहे, पण पिवळ्यात पण अडीच-पावणेतीन असतंच, आणि पिवळ्यातलं लेसिथिन पाणी आणि फॅट एकत्र बांधून ठेवतं, त्यामुळे घास मऊ लागतो. नुसत्या पांढऱ्याचे मी केलेत, ते स्पंजसारखे चावत बसावे लागतात. प्रोटीन वाढवायचंच असेल तर दोन अख्ख्या अंड्यांवर एक पांढरं जास्तीचं घाल, तेवढं खपतं. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी काही वेगळं सांगितलं असेल तर अर्थातच त्यांचं ऐक.

आणि हो, ते दुधात कच्चं अंडं फेटून प्यायचं खूळ सोड. शिजलेल्या अंड्यातलं प्रोटीन सुमारे ९० टक्के अंगी लागतं, कच्च्यातलं जेमतेम ५० टक्के, शिवाय साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची भीती वेगळी. तू नुकता आजारातून उठलायस, हे धाडस कशाला? लेकीला पण कच्चं पीठ चाटायला देऊ नकोस, मुलांना ते भारी आवडतं माहितीये मला.

आता कृती. ओट्स आधी कोरडेच मिक्सरला फिरव, अगदी पीठ व्हायला हवं. मग त्यातच चीज आणि अंडी घालून परत फिरव, चीजचा एकही दाणा दिसता कामा नये, दाणे राहिले की ते तव्याला चिकटतात. हे झालं की बेकिंग पावडर न घालता झाकून दहा मिनिटं ठेवून दे. इथे घाई करायची नाही. ओट्समध्ये बीटा ग्लुकन नावाचं फायबर असतं, ते हळूहळू पाणी पितं, आणि दहा मिनिटांनी तेच पातळ पीठ तुला पळीतून जाड धारेने पडताना दिसेल. आधीच पातळ वाटतंय म्हणून ओट्स वाढवलेस तर नंतर दगड होतो. थांबून मग बघायचं, जास्तच घट्ट झालं तर चमचाभर दूध. बेकिंग पावडर अगदी शेवटी, तवा तापल्यावर घालून हलक्या हाताने हलवायचं, कारण ओलं झाल्याझाल्या ती गॅस सोडायला लागते आणि तो गॅस भांड्यात फुकट घालवून काय उपयोग. काही लोक बेकिंग सोडा घालतात, त्याला आंबटपणा लागतो, ग्रीक योगर्ट, म्हणजे पाणी काढलेलं घट्ट दही, घालणार असशील तर चिमूटभर सोडा चालेल पण चिमूटभरच, जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि रंग पण भसकन काळपट होतो.

तव्याचं सांगतो, निम्मी लढाई इथे आहे. आच मध्यमपेक्षा कमी. प्रोटीन आणि साखर एकत्र तापली की तांबूस रंग आणि तो खमंग वास येतो, त्याला मायार रिअॅक्शन म्हणतात, लुई कामिय मायार या फ्रेंच केमिस्टने १९१२ मध्ये ती मांडली. आपल्या पिठात प्रोटीन जास्त, दुधातली साखर पण आहे, त्यामुळे ही रिअॅक्शन साध्या पॅनकेकपेक्षा लवकर होते, वरून मस्त ब्राऊन दिसतं आणि आत कच्चं असतं. तू सांगितलंस ना की बाहेरून जळले आणि मधे गिळगिळीत, ते मोठ्या आचेमुळे झालं. तेल ओतू नकोस, टिश्यूने पुसून घे. आणि छोटे घाल रे, तळहाताएवढे, आठ-दहा सेंटिमीटर, मोठे घातले तर उलटताना हमखास मोडतात कारण धरून ठेवायला ग्लुटेन नाही. साध्या पॅनकेकला वर बुडबुडे येऊन फुटले की उलटायचं असतं, याला ते तितके येत नाहीत कारण पीठ जड असतं, म्हणून बुडबुड्यांची वाट बघत बसलास तर खालून जळणार. कडा बघायच्या. कडेची चमक गेली आणि उलथनं खाली सहज सरकलं की उलट, पहिली बाजू अडीच-तीन मिनिटं, दुसरी दीड मिनिट झाकण ठेवून. उलथन्याने दाबायचं नाही, दाबलं की सगळी हवा गेली. पहिला पॅनकेक आच समजून घ्यायला असतो, तो बिघडला तरी पीठ फेकू नकोस.

पावडर घालायचीच असेल, म्हणजे तू डबा विकत घेऊन ठेवलायस म्हणून म्हणतो, तर १५ ग्रॅम, अर्धा स्कूप, आणि ओट्स ४० चेच ठेव, दूध दोन-तीन चमचे जास्त. ११-१२ ग्रॅम प्रोटीन वाढेल आणि लेकीला कळणार पण नाही. केसीनची, म्हणजे दुधातल्याच दुसऱ्या प्रोटीनची, पावडर असेल तर ती व्हेपेक्षा खूप जास्त पाणी पिते, तिला दूध अजून लागेल, पण पॅनकेक मात्र जाड आणि मऊ होतात, मला स्वतःला व्हेपेक्षा तेच आवडतात. वाटाण्याच्या प्रोटीनची पावडर पण तशीच पाणी पिणारी, शिवाय तिची चव मागे रेंगाळते, दालचिनी आणि व्हॅनिला वाढवल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नकोस.

वहिनी अंडं खात नाहीत हे लक्षात आहे माझ्या. त्यांच्यासाठी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात भिजवून दहा मिनिटं ठेव, बुळबुळीत झाली की अंड्याच्या जागी घाल, आणि दूध ५० मिली. प्रोटीन १९ ग्रॅमच्या आसपास भरतं. हे जरा नाजूक होतात, अजून छोटे घालायचे आणि उलटायची अजिबात घाई करायची नाही. मी तीन वेळा केलेत, तिसऱ्यांदा जमले.

केळं घालावं का असं तू विचारलंस. अर्धं घाल, गोडवा येतो आणि ओलावा टिकतो, पण ते गोडीसाठी आहे हे धरून चाल, अख्ख्या केळ्यात जेमतेम सव्वा ग्रॅम प्रोटीन असतं आणि साखर १४ ग्रॅम. पीनट बटरचं पण तसंच आहे, त्यात प्रोटीन आहे पण फॅट त्याच्या दुप्पट, एका मोठ्या चमच्याला ४ ग्रॅम प्रोटीनसाठी ९५ कॅलरी. तुला वजन वाढवायचंच आहे म्हणून तू खुशाल खा, पण प्रोटीनचा हिशोब त्याच्यावर टाकू नकोस. मध पण मोजून, एका मोठ्या चमच्यात १७ ग्रॅम साखर. मी वरून १०० ग्रॅम ग्रीक योगर्ट आणि फळांचे तुकडे घेतो, त्याने अजून १० ग्रॅम प्रोटीन येतं आणि कोरडेपणाची तक्रारच राहत नाही.

तयार मिक्सचं पाकीट आणू का विचारत होतास. आणण्याआधी मागची बाजू वाच, पुढे मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा कधीकधी दूध आणि अंडी धरून असतो, जे तू तुझ्या घरचंच घालणार असतोस. १०० ग्रॅमला किती आणि एका सर्व्हिंगला किती हे दोन्ही बघ. मी एक आणलं होतं, त्याच्या घटकांच्या यादीत तिसऱ्या नंबरला साखर होती. सकाळी सात वाजता थकलेल्या माणसाला हे असं विकतात याचा मला खरंच राग येतो.

किती खायचं ते डॉक्टरांनाच विचार, विशेषतः आजारात किडनीच्या टेस्ट झाल्या होत्या तुझ्या, त्यांचं काय ते स्पष्ट विचारून घे, ही गोष्ट लाजायची नाही. सर्वसाधारण निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या एका किलोला ०.८३ ग्रॅम पुरतं असं धरतात, म्हणजे ७० किलोला ५८ ग्रॅम, आणि वजनं उचलून व्यायाम करणाऱ्याला १.४ ते २ पर्यंत सांगतात. नुसतं खाऊन मांड्या भरत नाहीत हे तुला मी सांगायला नको, ते खुर्चीतून उठ-बसचे व्यायाम दिलेत ना तुला, ते चालू ठेव. पण आपली बहुतेकांची सवय अशी की सकाळी काहीतरी तोंडात टाकायचं आणि सगळं प्रोटीन रात्रीवर ढकलायचं, आणि तुझी तर सकाळच रिकामी चाललीये, म्हणून मी या नाश्त्याच्या एवढा मागे लागलोय.

एक शेवटचं, सकाळी उभं राहायची ताकद नसेल त्या दिवसांसाठी. सुट्टीच्या दिवशी तिप्पट घाणा कर, जाळीवर पूर्ण गार होऊ दे, मधे बटर पेपर घालून फ्रीझरला टाक, महिनाभर छान राहतात, फ्रिजमध्ये ठेवलेस तर दोन-तीन दिवसांत संपव. गरम करायला टोस्टर किंवा झाकण ठेवून मंद तवा. मायक्रोवेव्ह केलास तर २० सेकंदाच्या वर नको, नाहीतर परत तेच रबर.

रविवारी कर आणि मला फोटो पाठव, उलटल्यावरचा नको, मधून तोडलेला पाठव म्हणजे आत जाळी आली का ते मला दिसेल. आणि लेकीला न सांगता वाढ, बघू दुसरा मागते का.

तुझाच